क्वार्टर पॅनल बदलल्यावर जोडावर पुन्हा पुन्हा फोड येतात: कारण कुठे शोधायचं आणि काम कसं करायचं

मागून किंवा बाजूने ठोकर बसलेली गाडी येते. क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा, बदलला जातो, रंग जुळतो, मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो. पुढचा पावसाळा सरता सरता मागच्या चाकाच्या कमानीवर बारीक फोड दिसायला लागतात. पेंटर ते घासतो, पुट्टी भरतो, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर मारून गाडी परत देतो. त्यापुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड, आणि या वेळी जरा मोठे. तिसऱ्यांदा गाडी दारात उभी राहिली की दोष पेंटरवर, रंगाच्या डब्यावर, नाहीतर खाऱ्या हवेवर ढकलला जातो.

कोकणात बॉडी शॉपचं काम सांभाळताना ही तक्रार जितक्या वेळा समोर येते तितकी दुसरी कुठलीच येत नाही. माझं मत ठाम आहे. यात रंगाचा दोष फार क्वचित असतो. पत्रा जोडताना आतल्या बाजूचं संरक्षण जळतं आणि ते परत कोणी देत नाही. गंज आतून सुरू होतो, पत्रा खात बाहेर येतो आणि शेवटी रंग उचलतो. बाहेरून कितीही वेळा रंगवलं तरी आतली बाजू उघडीच राहते.

हे नीट कळायला कारखान्यात काय होतं ते बघावं लागतं. तिथे गाडीचा सगळा सांगाडा आधी वेल्ड होतो आणि मग ईडी कोटच्या, म्हणजे विजेने चढणाऱ्या प्रायमरच्या, टाकीत बुडवला जातो. त्यामुळे खांबांच्या पोकळीत, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत, जिथे हात पोचत नाही तिथेही प्रायमर जातो. नवा सुटा पॅनल मात्र आपल्याकडे काळ्या ईडी कोटसकट येतो आणि मग आपण त्यावर वेल्ड मारतो. म्हणजे क्रम उलटा झाला. कारखान्यात आधी वेल्ड आणि मग बुडी, आपल्याकडे आधी बुडी आणि मग वेल्ड. आपल्याकडे टाकी नाही, तेव्हा टाकीचं काम ब्रशने, फटी बुजवणाऱ्या सीलरने आणि गंजरोधक मेणाने हाताने करावं लागतं. ते केलं नाही की फोड येणारच.

फेंडरच्या बाबतीत ही तक्रार क्वचित येते, कारण तो बोल्टवर बसतो. क्वार्टर पॅनल वर छताला आणि सी पिलरला (मागच्या काचेच्या बाजूचा खांब), पुढे दरवाजाच्या चौकटीला, खाली रनिंग बोर्डला (दरवाजांखालची आडवी पेटी), आत चाकाच्या कमानीला आणि मागे टेललॅम्पच्या चौकटीला असा चहूबाजूंनी वेल्डने धरलेला असतो.

फोड कुठे आहे त्यावरून कारण ओळखा

ग्राइंडर हातात घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. जागा बरंच काही सांगते.

चाकाच्या कमानीच्या अगदी ओठावर, खालच्या कडेला फोड असतील तर आतल्या कमानीशी जिथे पत्रा मिळतो त्या फटीत पाणी बसतंय. बऱ्याच गाड्यांत ही कड कारखान्यातच अ‍ॅडहेसिव्ह लावून दुमडलेली असते, काहींत स्पॉट वेल्ड असतात. दुमडलेल्या कडेवर कोणी वेल्डचे टाके मारले असतील, तर तिथलं अ‍ॅडहेसिव्ह जळून फट मोकळी झालेली असते. चाकाने उडवलेला चिखल थेट तिथेच बसतो.

सी पिलरवर एका सरळ रेषेत फोड किंवा तडा दिसत असेल तर तो कापून जोडलेला सांधा आहे. इथे गंजापेक्षा वेल्डमधली बारीक छिद्रं, जाड पुट्टी किंवा अर्धवट टाके हे कारण जास्त वेळा सापडतं. फोड नसून नुसती रेघ उन्हात उमटत असेल आणि सावलीत दिसेनाशी होत असेल, तर पुट्टीची कड वर आली आहे. ते खरंच रंगकाम आहे, त्यासाठी पॅनल उघडायची गरज नाही.

मागच्या दरवाजाच्या खाली, जिथे क्वार्टर पॅनल रनिंग बोर्डला मिळतो, तिथे फोड असतील तर निचऱ्याची भोकं तपासा. सीलर ब्रशने फासताना ती हमखास बुजतात. आत पाणी साठतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं.

डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी असेल तर गंजाचा आणि गळतीचा उगम बहुतेक एकच असतो: टेललॅम्पची चौकट, डिकीच्या पन्हाळीचा सांधा, नाहीतर मागच्या बंपरआड असलेला हवेचा झडपा. हा झडपा फार जण विसरतात. दरवाजा बंद करताना केबिनमधली हवा बाहेर जावी म्हणून तो तिथे असतो. जुन्या पॅनलवरून काढून नव्यावर बसवताना त्याची रबरी कड दुमडली किंवा फाटली की धूळ आणि पाणी दोन्ही आत.

छतावर किंवा डिकीच्या झाकणावर विखुरलेले तांबूस ठिपके असतील, तर ती तक्रारच वेगळी आहे. ग्राइंडरच्या तापलेल्या ठिणग्या क्लिअरमध्ये रुतून बसतात आणि नंतर गंजतात. काम करताना गाडीवर वेल्डिंगची चादर न टाकल्याचा तो पुरावा. काचेवर उडालेल्या ठिणग्यांचे खड्डे तर पुसलेही जात नाहीत.

दोन साध्या चाचण्या करा. पहिली पेंटच्या जाडीची. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, नीट रंगवलेल्या पॅनलवर २०० ते ३०० मिळतो. ८००-१००० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टीचा थर आहे हे नक्की. दुसरी पाण्याची. एक माणूस डिकीत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून साधा पाइप धरतो, प्रेशर वॉशर नको. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही. आत सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की ओघळ लगेच दिसतो.

एक गाडी उघडून पाहिली तेव्हा

किनाऱ्यालगतच्या गावातली एक पांढरी हॅचबॅक. अपघाताचं काम दुसरीकडे झालेलं, त्यानंतर दोनदा रंगही मारून झालेला. मालक वयस्क. "मिस्त्री, तिसऱ्यांदा रंगाचे पैसे देणार नाही मी," आल्या आल्या म्हणाले.

"काका, रंगाचं नंतर बघू. आधी आतून बघू द्या."

टेललॅम्प आणि डिकीचं अस्तर काढलं, तारेचा कॅमेरा आत सोडला. कमानीच्या आतल्या बाजूने काळा करपलेला पट्टा सरळ फिरलेला दिसत होता. त्या पट्ट्यावर प्रायमर, सीलर, मेण काही नाही. नुसता गंज, आणि त्यावर मातीचा ओला थर. खाली निचऱ्याचं भोक पांढऱ्या सीलरने बुजलेलं. तारेने टोचलं तर तपकिरी पाण्याची धार लागली.

बाहेरून फोडाच्या जागी घासायला घेतलं. वर रंग, मग पुट्टी, मग पुन्हा रंग, पुन्हा पुट्टी. तळाला पिवळी धमक रेघ लागली. पॅनल पितळेने जोडला होता. रेघेच्या दोन्ही अंगांना काचेसारखं करडं-हिरवट कवच चिकटलेलं. ते फ्लक्स, म्हणजे टाकणखार घातलेली पूड, जी पितळ वाहावं म्हणून वापरतात. गार झाल्यावर ती गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण धुवून काढावी लागते. राहिली तर हवेतला ओलावा ओढत बसते आणि वर कितीही चांगला प्रायमर मारला तरी तो उचलते. टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबला तेव्हा रेघेच्या खालच्या अंगाचा पत्रा आत गेला.

एकाच गाडीत सगळी कारणं भेटली: करपलेलं आतलं आवरण, राहिलेलं फ्लक्स, बुजलेलं भोक आणि उघड्या पत्र्यावर थेट भरलेली पुट्टी. शेवटचं कारण लोकांना पटत नाही. पॉलिएस्टर पुट्टीत टाल्कची भुकटी असते आणि ती खडूसारखी ओलावा शोषते. वरचा रंग धडधाकट असला तरी मागच्या बाजूने, वेल्डच्या छिद्रातून आलेलं पाणी ती पत्र्याला चिकटवून धरते.

त्या गाडीत पितळ लागलेला सगळा पट्टा कापूनच काढावा लागला. पितळेवर सीओटूचा वेल्ड (वायूच्या आवरणात तार वितळवून मारायचा) मारायचा विचारही करू नका. पितळेतलं तांबं पोलादाच्या वेल्डमध्ये शिरतं आणि वेल्डला तडे जातात.

पितळ, सीओटू की स्पॉट

आपल्याकडे जुन्या डेंटरांचा हात गॅसवर बसलेला आहे आणि त्यातले काही खरोखर उत्तम कारागीर आहेत. त्यांनी गॅसवर जोडलेला जाड पत्र्याचा मडगार्ड वर्षानुवर्षं टिकलेला मी पाहिला आहे. पण तो पत्रा वेगळा होता. आजचा बाहेरचा पत्रा ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो आणि बहुतेक वेळा त्यावर जस्ताचा लेप असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनची ज्योत ३००० अंशांच्या वर असते आणि तिचा ताव पसरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं रुंद पट्ट्यावरचं जस्त आणि ईडी कोट दोन्ही जातं, पत्रा लाटा मारतो आणि मग त्या लाटा झाकायला पुट्टी वाढते.

खालचा सांगाडा तर आणखी नाजूक. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी लागू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या सुरक्षा मानांकनाचे तारेही आले. खांबांत आणि रनिंग बोर्डच्या आत उच्च ताकदीचं पोलाद वापरलं जातं, बी पिलरमध्ये (दोन दरवाजांमधला खांब) काही ठिकाणी तर १५०० मेगापास्कलच्या घरातलं बोरॉन पोलाद असतं. त्याची ताकद कारखान्यात तापवून झटकन थंड केल्याने आलेली असते. ते गॅसने लाल केलं की ताकद गेली, आणि ती कुठल्याही रंगाने परत येत नाही. हे पाणी गळण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. क्वार्टर पॅनल बदलताना आतल्या मजबुतीच्या पत्र्याला ज्योत लागता कामा नये.

जिथे दोन्ही बाजूंनी पोचता येतं तिथे माझी पहिली पसंती स्पॉट वेल्डिंगला. चिमटा पत्रे दाबून धरतो, करंट क्षणभरच जातो, ताव छोट्या ठिपक्यापुरता राहतो, घासावं लागत नाही. कमानीची कड, दरवाजाची चौकट, टेललॅम्पची चौकट, डिकीची पन्हाळ इथे स्पॉट मारता येतो. मशीन मात्र दोन्ही बाजूंनी दाबणारं हवं. एका बाजूने टेकवायच्या पिस्तुलावर, जे डेंट ओढायच्या मशीनबरोबर येतं, पॅनल जोडू नये.

सेटिंग बरोबर आहे की नाही ते गाडीवर तपासायचं नसतं. कापलेल्या जुन्या पॅनलच्या दोन पट्ट्या घ्या, त्याच जाडीच्या, तसाच प्रायमर मारलेल्या. स्पॉट मारा, एक पट्टी व्हाइसमध्ये धरा आणि दुसरी पक्कडीने सोलून काढा. चांगला स्पॉट सुटत नाही. तो एका पत्र्यातून गोल तुकडा उपटून दुसऱ्यावर घेऊन येतो आणि पहिल्या पट्टीत स्वच्छ भोक पडतं. त्या तुकड्याचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या वर्गमुळाच्या सुमारे पाचपट हवा, म्हणजे १ मिलिमीटर पत्र्याला ५ मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या टक्‌कन वेगळ्या झाल्या आणि मागे नुसता निळसर डाग राहिला तर तो वेल्ड नाही. करंट, वेळ किंवा दाब वाढवा, टोकं घासा, पुन्हा करून बघा. आमच्याकडे रोज सकाळी पहिल्या स्पॉटआधी ही पट्टी सोलली जाते आणि मशीनवर टांगून ठेवली जाते.

जिथे चिमटा जात नाही तिथे सीओटू. नावात सीओटू असलं तरी पातळ पत्र्याला नुसता कार्बन डायऑक्साइड नको, ताव आणि शिंतोडे दोन्ही वाढतात. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या, तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची. काही कंपन्या काही जागी सिलिकॉन ब्राँझच्या तारेने मिग ब्रेझिंग करायला सांगतात. ती तार हजार अंशांच्या आसपास वाहते, पोलाद वितळत नाही आणि जस्त कमी जळतं. त्यासाठी शुद्ध आर्गॉन लागतो. पण ते कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तिथेच करा. गॅसच्या पितळेला ते पर्याय म्हणून कुठेही वापरायचं नाही.

जस्ताचा पांढरा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. पोरं त्याचा दोष हवामानाला देतात. पंखा आणि धुरासाठीचा रेस्पिरेटर लागतोच, तोंडाला बांधलेला रुमाल काही अडवत नाही.

जुना पत्रा काढताना

पुढच्या निम्म्या अडचणी इथेच जन्म घेतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि एअरबॅग असलेल्या गाडीत कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबा. पडदा एअरबॅगची टाकी बऱ्याच गाड्यांत छताच्या कडेला, सी पिलरजवळ असते. पेट्रोल भरायची नळी एका बाजूच्या क्वार्टर पॅनलमधूनच जाते, ती काढून टाकीचं तोंड बंद करा. सीएनजी गाडी असेल तर डिकीतला सिलिंडर अधिकृत माणसाकडून उतरवल्याशिवाय ठिणगी पडता कामा नये. याला कुठलीही सवलत नाही.

आधी ढोबळ कापा. फ्लँजपासून (वेल्डसाठी मोडलेली कड) ५० मिलिमीटर आत सोडून करवतीने मधला पत्रा काढा, मग आतलं सगळं डोळ्यांनी दिसतं. स्पॉटच्या खळग्या रंगाखाली लपलेल्या असतात. ८० नंबरच्या कागदाने हलकं घासलं की त्या उमटतात. ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा पत्रा कापायचा. कटर खालच्या पत्र्यात घुसला तर ते भोक वेल्डने भरावं लागतं, नाहीतर पाण्याला तयार दार मिळालं. छिन्नीने फाडू नका. फ्लँज वाकली की नवा पत्रा तिच्यावर चपखल बसत नाही, मध्ये फट राहते, आणि पुढे गंज नेमका त्या फटीत असतो.

सी पिलरच्या पोकळीत फोमचा ठोकळा असेल तर तो कुठे आहे ते आधी पाहा. आवाज आणि पाणी अडवायला तो कारखान्यात बसवलेला असतो. त्याच्याजवळ वेल्ड मारला तर तो पेटतो आणि विषारी धूर सोडतो. अर्धवट जळलेला फोम आत राहिला तर पुढे पाणी धरून ठेवतो. काढा आणि शेवटी कंपनीने सांगितलेल्या जागी नवा भरा.

काढून झालं की आतल्या कमानीची फ्लँज सरळ करा, गंज असेल तर तो ब्लास्ट करून किंवा तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंज काढायचं आम्ल लावायचा मोह होतो. फॉस्फोरिक आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

नवा पॅनल बसवताना

नव्या पॅनलवरचा काळा ईडी कोट ही मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कारखान्यासारखं ते आवरण आपल्याला कधीच देता येणार नाही. तरी कित्येक ठिकाणी पॅनल आला की पहिलं काम म्हणून तो पांढरा होईपर्यंत घासतात. तसं करू नका. वेल्डच्या जागेपुरता, १५-२० मिलिमीटर पट्टाच मोकळा करा. बाकी ठिकाणी कोट हलका खरवडला तरी पुरतो.

वेल्डआधी पॅनल क्लॅम्प आणि स्क्रूंवर पूर्ण बसवा. दरवाजा, डिकीचं झाकण, टेललॅम्प, बंपर, काच सगळं लावून फटी बघा. टेललॅम्प दोन मिलिमीटर बाहेर आला तर त्याची गास्केट कधीच दाबली जात नाही आणि स्टेपनीत पाणी येत राहतं. अशा गाडीला लोक वर्षानुवर्षं सिलिकॉन फासत राहतात, आणि चूक असते पत्र्याच्या बसणीत.

सी पिलरला कापून जोड द्यायचा असेल तर जागा मॅन्युअलमध्ये बघा. सर्वसाधारणपणे पत्रा अरुंद असतो तिथे जोड येतो, म्हणजे वेल्डची लांबी कमी राहते. मागे त्याच जाडीच्या पत्र्याची पट्टी ठेवा, दोन कडांमध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट सोडा. १०-१५ मिलिमीटरचे छोटे टाके, एक इथे तर पुढचा लांब, मध्ये थंड होऊ देत. हाताला चटका बसत असेल तर थांबा. ओल्या फडक्याने किंवा हवेने झटकन गार करायची सवय वाईट आहे, पत्रा तिथेच आवळतो.

प्लग वेल्डसाठी वरच्या पत्र्यात ८ मिलिमीटरची भोकं पाडा, दोन्ही पत्रे घट्ट दाबा, खालच्या पत्र्यापासून सुरुवात करून भोक भरा. दोन पत्र्यांच्या मधल्या तोंडांवर वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावर वेल्ड मारता येतो असा जस्ताचा प्रायमर) पातळ मारायचा, पण भोकाच्या आत तो राहू द्यायचा नाही. जस्ताचा तो थर उकळून वेल्डमध्ये बुडबुडे करतो. काही कंपन्यांना हा प्रायमर नकोच असतो, तेव्हा तिथेही मॅन्युअल बघणं आलं.

घासताना वेल्डचा उंचवटाच उतरवा. ०.७ चा पत्रा ०.४ वर आला तर तिथून तडा जाणार हे ठरलेलं. घासून झालं की शॉपचे दिवे बंद करून आतून टॉर्च मारा. बाहेर जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथे वेल्डमध्ये छिद्र आहे. ते वेल्डनेच भरायचं. पुट्टी किंवा सीलर छिद्र भरत नाही, फक्त झाकतो.

वेल्डनंतरचा क्रम

हा क्रम चुकला तर वरची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तो आमच्याकडे भिंतीवर लिहिलेला आहे.

वेल्ड झाला त्याच दिवशी उघडा पत्रा झाकला गेला पाहिजे. जुलैत कोकणात सापेक्ष आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते, रात्रभर उघड्या राहिलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस झाक दिसते. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर प्रायमर बसतो. पावसाळ्यात आम्ही आधी इन्फ्रारेड दिव्याने पत्रा कोमट करून घेतो.

आधी काजळी आणि जळलेला प्रायमर दोन्ही बाजूंनी साफ करायचा. आतून हात जात नसेल तर लांब दांड्याचा तारेचा ब्रश. मग इपॉक्सी प्रायमर, आत आणि बाहेर. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा. त्यानंतर सीलर, इपॉक्सीवरच. उघड्या पत्र्यावर किंवा वेल्ड-थ्रू प्रायमरवर सीलर कधी धरतो, कधी कड सोडतो, आणि कड सुटलेल्या सीलरमागे साठणारं पाणी नुसत्या उघड्या फटीपेक्षा वाईट, कारण ते वाळतच नाही. सीलर लावण्यापूर्वी निचऱ्याच्या भोकांत लाकडी काड्या खोचून ठेवा, नंतर काढा. पुट्टीसुद्धा इपॉक्सीच्या वर, लागेल तेवढीच.

रंग आणि क्लिअर झाले, बूथमधून गाडी बाहेर आली, की पोकळीत मेण. हे शेवटी, कारण मेणाचा कण रंगाआधी पत्र्यावर पडला तर रंग तिथे डोळे, म्हणजे गोल खळगे, पाडतो. चहूबाजूंनी फवारा देणारी लांब नळी टेललॅम्पच्या चौकटीतून, अस्तरामागच्या भोकांतून, रनिंग बोर्डच्या टोकातून आत घालून मागे ओढत आणायची. खालच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की ते पोचल्याचं कळतं. ठिबकणं थांबल्यावर भोकं तारेने पुन्हा मोकळी करा. मग कॅमेरा आत घालून फोटो काढा.

फोड आलेच असतील तर

फोड फक्त कडेवर, तुरळक, आणि टोचल्यावर पत्रा टणक लागत असेल तर पॅनल वाचतो. पण बाहेर घासायच्या आधी आत काम करा: माती काढा, भोकं मोकळी करा, पूर्ण वाळवा, गंज ब्रश करून इपॉक्सी मारा, रंगानंतर मेण द्या. बाहेर गंजाचे खड्डे ब्लास्ट करून चकचकीत पत्रा लागेपर्यंत जा.

स्क्रूड्रायव्हर आत जात असेल तर तेवढा भाग कापून तुकडा लावणं आलं. आतल्या कमानीची फ्लँजच गेली असेल तर आधी ती, मग बाहेरचं. फ्लँज कुजलेली असताना वर नवा पॅनल चढवणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात घालणं.

मालकांसाठी थोडं. विम्यात धातूच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा कापला जातो, ६ महिन्यांपर्यंत काही नाही आणि पुढे वाढत १० वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के, घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर घेतलं नसेल तर. त्यामुळे तुमच्या खिशातूनही बरेच पैसे जातात आणि विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एस्टिमेटमध्ये सीलर, इपॉक्सी प्रायमर आणि पोकळीचं मेण वेगळं लिहिलेलं आहे का ते पाहा. पॅनल कोणत्या पद्धतीने जोडणार ते विचारा. पुट्टी भरण्याआधी वेल्डचे फोटो मागा, नाहीतर त्या दिवशी स्वतः जाऊन बघा. नीट काम करणारा कारागीर ते दाखवायला कधी कां-कूं करत नाही. गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्या जोरदार पावसानंतर स्टेपनी उचलून खाली हात फिरवा आणि रनिंग बोर्डच्या खालची भोकं एकदा तारेने टोचून पाहा. पाणी लागलं तर त्याच आठवड्यात गाडी परत न्या. तेव्हा सीलरवर आणि गास्केटवर निभावतं, पुढच्या वर्षी पत्रा कापावा लागतो.